देव कोणत्या टोकाला

त्या वर्षी उन्हाळ्याला मुळी घाईच झाली होती. कुजवणीच्या खड्ड्यातले पाणी हां हां म्हणता उतरले. दोर वळायच्या वाखाच्या ज्या पेंढ्या एरवी दगडांखाली दबून, पाण्यात बुडून मुकाट कुजत पडायच्या, त्यांतला वरचा थर उघडा पडला आणि उन्हात वाळू लागला. दोरवालीने काठावर उभे राहून कमरेवर हात ठेवले आणि पाण्याकडे असे पाहिले, की ते पाणी म्हणजे एखादे माणूस असते तर खाली मान घालून परत आले असते.

"हा वरचा थर बाजूला काढ," ती मुलाला म्हणाली. "अर्धा कच्चा आहे. दिसायला चांगला दिसेल, पण ताण पडला की काडीसारखा मोडेल. बादल्यांना बांधायला दोऱ्या कर त्याच्या. चांगल्या वाखात मिसळायचा नाही. ऐकलंस?"

"ऐकलं की."

"मान हलवू नकोस. तोंडाने सांग."

"मिसळणार नाही, आई."

मुलगा दारातून वाकूनच आत येई. एकदा त्याने पाय रोवले की त्याला जागचा हलवणे बैलांनाही जड जावे. म्हणून सारे गाव त्याला खुंटा म्हणत असे. तिने स्वतः त्याला त्या नावाने कधी हाक मारली नाही. आपण ठेवलेले नाव घरात असताना लोकांनी ठेवलेले कशाला वापरायचे, असा तिचा रोकडा सवाल होता. मात्र कोणी दाराशी येऊन "खुंटा आहे का घरात?" असे विचारले, की तिची मान नकळत ताठ होई, आणि ती ताठ झाली आहे हे तिला ठाऊकही असे.

वरचे गाव आणि खालचे गाव, दोन्ही मिळून एकच पाट. पाणी मुबलक असे तेव्हा कोणी कोणाला विचारीत नसे. टंचाई पडली, की पहिली पाळी कोणाची यावरून पूर्वी काठ्या निघत. कारण दुसऱ्या पाळीची वाट पाहणाऱ्याच्या वाफ्यांत तोवर नुसती माती उरे. शेवटी पाटाच्या दारांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या एका जुन्या पाटकऱ्याने दोन्ही गावांना समोर बसवून सुनावले होते, "डोकी फोडून घेण्यापेक्षा हात सोलून घ्या." तेव्हापासून टंचाईच्या वर्षी दोन्ही गावांची रस्सीखेच होत असे. जिंकेल त्याची पहिली पाळी. हरेल त्याने कुरकुर करायची नाही.

आणि दोर दोरवालीचा. त्याबद्दल आजवर कोणी शंका घेतली नव्हती, आणि घेणार तरी कशी? दोराच्या वरच्या गावाकडच्या टोकाला तिचा मुलगा, खालच्या गावाकडच्या टोकाला तिचा जावई. दोन्ही चमूंत सर्वांत मागे उभे राहून, दोर खांद्यावरून पाठीमागे घेऊन, सगळा भार अंगावर घेणारी माणसे हीच दोन. त्यामुळे तो दोर कोणाच्या बाजूचा नाही, हे कोणाला वेगळे सांगावे लागत नव्हते. या गोष्टीचा तिला जेवढा अभिमान होता, तेवढा अंगावरच्या दागिन्याचाही नव्हता.

घरामागे झाडांच्या सावलीत लांबलचक पट्टा होता. त्याच्या एका टोकाला चाक. चाकाला वाखाची सुरुवात अडकवायची, कमरेला वाखाचे भेंडोळे बांधायचे, आणि बोटांतून वाख सोडत सोडत मागे चालत जायचे. चाक पीळ देते, माणूस लांबी देतो. तिच्या सासूने तिला मागे चालायला शिकवले होते, आणि तिने मुलाला. शेजारणी थट्टेने म्हणत, "काकू, तुमच्या घरातली माणसं आयुष्यात पुढे कधी जाणार?"

"रस्सीखेच बघायला या," ती सांगे. "मागे जाणाराच जिंकतो तिथे."



त्या वर्षी तर वरच्या गावच्या चमूचा म्होरक्या असलेला लोहार आपली सगळी माणसे घेऊन तिच्या पट्ट्यावर मागे चालायला शिकायला आला. तिने त्यांना उन्हात उभे केले आणि स्वतः सावलीत बसली. "टाच आधी. टाच! बोटांवर नाचायला आलात का इथे? आणि खाली बघायचं नाही. जमीन पळून जात नाही." लोहारासारखा धिप्पाड माणूस तिच्यापुढे शाळेतल्या पोरासारखा पाय मोजू लागला. खुंट्याला या तालमीपुढे दुसरे काही सुचेनासे झाले. सकाळी तालीम, संध्याकाळी तालीम, आणि मधल्या वेळात स्पर्धेच्या नव्या दोराचे काम. तो वाख विंचरी, ती पीळ तपासी. पण पाणी आणायलाही आता लांब जावे लागत असल्याने पूर्वीसारखे ती त्याच्या शेजारी बसून प्रत्येक मूठ पाहू शकत नव्हती.

स्पर्धेच्या आधी मुलगी आली. पिशवीत काकड्या होत्या, बोटाएवढ्या, वाकड्या.

"अगं, एवढ्या कोवळ्या का तोडल्यास?"

"तोडल्या नाहीत. गळल्या." मुलगी ओट्यावर टेकली. तिच्या टाचा भेगाळून पांढऱ्या पडल्या होत्या. "खांद्यावरून पाणी घालतोय आम्ही दोघं. ते एका बाजूने, मी एका बाजूने. मधल्या वाफ्यांपर्यंत पोचेस्तोवर कडेचे सुकतात. पहिली पाळी मिळाली तर निम्मं वाचेल. नाही मिळाली तर..." तिने वाक्य तिथेच ठेवले आणि हसली. "तू कोणासाठी हात जोडणार आहेस, ते सांग आधी."

"कोणासाठी नाही."

"रोज सकाळी पायरीवर बसून देवाशी तासभर गप्पा मारतेस, आणि त्या दिवशी गप्प बसणार?"

"त्या दिवशी त्याला सांगणार आहे, बाबा रे, आज तू बाजूला थांब. इथे माझा मुलगा, तिथे माझी लेक. तू कोणाचाही हात धरलास तरी माझंच घर बुडणार."

"आणि त्याने नाही ऐकलं तर?"

"माझं ऐकतो तो," दोरवाली म्हणाली. मुलीला पुन्हा हसू आले. पण आई थट्टा करत नव्हती.

दोन्ही गावांच्या मधल्या पडीक रानात चुन्याची रेघ ओढली गेली. दोराच्या मध्यावर तांबडे फडके बांधले गेले. शाळेच्या मास्तरांनी भोंगा आणि माइक मागवला होता, आणि त्यात फुंकर मारमारून ते दोन्ही गावांचे कान किटवत होते. मुलगी तिच्या गावच्या बायकांत पलीकडे उभी होती. दोरवालीला बसायला खुर्ची दिली होती. ती रेघेच्या बरोबर समोर मांडायला लावून मगच ती बसली.

शिट्टी झाली. दोर एकदम ताठ झाला, आणि मग बराच वेळ काहीच झाले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे माणसे नुसती उभी आहेत. पण मानेच्या शिरा टरारल्या होत्या, टाचांखालची माती हळूहळू उकरली जात होती, आणि फडके रेघेवर थरथरत होते. वरच्या गावाच्या टोकाला खुंटा मागे रेलून जवळजवळ आडवा झाला होता. खालच्या गावाच्या टोकाला जावई. अंगाने किरकोळ, पण टाचा रुतवण्याची हातोटी त्याने याच घरात उचलली होती. लग्नाआधी एक हंगाम तो तिच्याकडे चाक फिरवायला होता. जाताना दोर वळायची कला आणि तिची मुलगी, दोन्ही घेऊन गेला.

फडके खालच्या गावाकडे सरकू लागले. लोहार ओरडला. बायका ओरडल्या. फडके आणखी सरकले. आणखी थोडे, म्हणजे संपलेच असते. तेवढ्यात दोरवालीने पाहिले, की जावयाने मान झटकन वळवून कान दोराला लावल्यासारखा केला. मग त्याचे एक पाऊल पुढे आले. मग दुसरे. त्याचा चमू गोंधळला, त्याच्या टाचा निसटत गेल्या, फडके उलटे फिरले, आणि रेघ ओलांडून वरच्या गावाकडे आले.

पुढचा गोंगाट सांगायला नको. खुंट्याला लोकांनी उचलले. त्यांना तो पेलला नाही म्हणून खाली ठेवले. मास्तरांनी माइक त्याच्या तोंडाशी नेला. "या विजयाचं श्रेय कोणाला?"

खुंटा धापा टाकत होता. घाम डोळ्यांत उतरला होता. त्याने हात आभाळाकडे केले. "देवाला! आम्ही हरलोच होतो. सगळ्यांनी बघितलं. आणि एकदम देवाने दोर ओढला. देव आमच्या बाजूने उभा होता!"

भोंग्यातून ते शब्द रानभर गेले. पलीकडे खालच्या गावाचा म्होरक्या आपल्या माणसांना म्हणत होता, "जाऊ द्या रे. देवाची इच्छा." दोरवालीच्या मनात आले, की एकाच देवाने एकाच दुपारी दोन्हीकडे इतकी कामे केली, आणि एवढी माणसे टाचा घासून मेली, ती मग कशासाठी?

मुलगी गर्दीतून तिच्याकडे आली. एरवी ती घरी येऊन, पाणी पिऊन, मग जात असे. आज ती खुर्चीपुढे उभी राहिली.

"निघते."

"घरी चल. पाणी तरी पी."

"नको. देव तुमच्याकडे राहायला आलाय ना? त्याची सोय बघा." तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "एवढंच कळत नाही आई, की तो तुमच्या बाजूने उभा होता, तर आम्ही त्याचं काय घोडं मारलं? जिंकलात म्हणून राग नाही गं. माझ्या भावाने भोंग्यावरून सांगितलं, की देवाने आम्हाला टाकलं."

ती गेली. तिच्या मागून जावई गेला, दोन्ही पंजे काखेत दाबून. जाता जाता त्याने सासूकडे पाहून मान लववली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोरवाली पायरीवर बसली. देवाशी गप्पा मारायला म्हणून बसली, पण बोलणे काही सुचेना. शेवटी तिने दोर ओढून घेतला. वापरून आलेला दोर धुळीसकट गुंडाळून ठेवणे तिच्या घरात पाप होते. डोळे मिटायचे आणि सगळा दोर पहिल्यापासून शेवटपर्यंत उघड्या मुठीतून सरकवायचा; डोळ्यांना फसवणारी खोट तळहाताला फसवत नाही, असा तिचा सासूकडून आलेला नेम होता.

तांबड्या फडक्याच्या थोडे पलीकडे मूठ अडली.

तिने डोळे उघडले. वरून दोर धडधाकट दिसत होता. तिने सळईच्या टोकाने पीळ उकलला. तीन पेडांपैकी आतला एक पेड तुटून दोन्हीकडे मागे सरला होता, आणि उरलेल्या पेडांतूनही ताठ, हिरवट, सालीसकट काड्या बाहेर डोकावत होत्या. तिने एक काडी बोटांत धरून वाकवली. ती कट् असा आवाज करून मोडली.

"बाहेर ये," तिने हाक मारली.

खुंटा डोळे चोळत आला. आईच्या मांडीवर उकललेला दोर पाहिला आणि त्याची झोप उडाली.

"हा कुठला वाख?"

त्याने वाकून मोडलेली काडी उचलली.

"वरच्या थरातला?"

"थोडासाच होता, आई. लांबी कमी पडत होती. तालमीची वेळ झाली होती, लोहार येऊन बसला होता. म्हटलं..." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "म्हटलं, देव बघून घेईल."

"म्हणजे वाख तू विंचरायचा नाहीस, तो देवाने विंचरायचा. आणि जिंकल्यावर पुन्हा दोरही त्यानेच ओढायचा. मग तुला मी खायला कशासाठी घालते?"

त्याची मान खाली गेली. एवढे आडमाप शरीर, पण ते ठेवायला त्याला जागा सापडेना.

तिचा राग मात्र तिथे थांबला नव्हता. तो पुढे चालला होता, कालच्या रानात, तांबड्या फडक्यापाशी. जावयाने कान दोराला लावला. मग पाऊल पुढे टाकले. आपल्या पट्ट्यावर एक हंगाम चाक फिरवलेला माणूस! पेड तुटतो तेव्हा आवाज बाहेर येत नाही; तो दोरातून सरळ खांद्यात उतरतो.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. ती उठली. "दोर खांद्यावर घे. ताईकडे जायचंय."

खालच्या गावात शिरताना लोक ओट्यांवर होते. "काय काकू," एकाने विचारलेच, "देवाला नाही आणलं बरोबर?" दुसरा म्हणाला, "तो कशाला येतोय इकडे? त्याचं गाव वरचं." लोक हसले. खुंट्याचे कान लालबुंद झाले. दोरवालीने वळूनही पाहिले नाही. मात्र चाल मुद्दाम सावकाश केली, मुलाला सगळे नीट ऐकू जावे म्हणून.

मुलीच्या अंगणात आधी तिचाच आवाज ऐकू आला. ती नवऱ्याच्या तळहातांना तेल लावत होती आणि बोलत होती. "मागे चालायचं सोडून पुढे कोण जातं? माझ्या आईने हेच शिकवलं का तुम्हाला? मला तर बायकांत उभं राहायची लाज वाटली. एक म्हणाली, तुझा नवरा सासुरवाडीला भेटायला निघाला होता वाटतं." जावई मुकाट हात पुढे करून बसला होता. तळहातांची साले निघाली होती.

आईला पाहून मुलगी थांबली. "ये," ती म्हणाली. भावाला काही म्हणाली नाही.

दोरवालीने दोर जावयापुढे टाकला, उकललेली जागा वर करून. "जावईबापू, हे काल तुम्हाला कळलं होतं."

त्याने दोराकडे पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली. "झालं ते झालं, आई. देवाने निभावलं."

"पुन्हा देव! काल माझा मुलगा, आज तुम्ही. मी देवाला विचारत नाहीये, तुम्हाला विचारतेय. सोडलात ना तुम्ही?"

बायको तेलाची वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. जावयाने मग उसासा टाकला.

"खांद्यात कट् झालं. एकदा चाकावर असताना ऐकलं होतं, ते विसरत नाही माणूस. ओरडलो असतो तर कोणाला ऐकू जातं? आणि सगळ्यांनी एकदम सोडला असता तर तुमच्याकडचे सगळे उताणे पडले असते, एकावर एक. म्हणून हळूहळू ढील दिली. तुटला असता तर पुढच्या माणसांच्या बोटांचं काही खरं नव्हतं."

"मग नंतर सांगायचं होतंत!" मुलगी म्हणाली. "रात्रभर मी तुम्हाला बोलतेय!"

"काय सांगणार? हरलेला माणूस दोराला नावं ठेवतो, तर लोक काय म्हणतात? आणि दोर कोणाचा?" त्याने सासूकडे पाहिले. "त्या दोराला आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. मी ठेवायचं का?"

दोरवालीला एकाएकी बसावेसे वाटले. अंगणात उखळ पालथे होते, त्यावर ती बसली. आपल्या नावासाठी हा माणूस आपले वाफे वाळवायला निघाला होता, बायकोची बोलणी खात होता, आणि वर देवाचे नाव पुढे करून मोकळा होत होता.

खुंटा पुढे झाला. "दाजी, वाख मी मिसळला होता."

"ते कळलं मला," जावई म्हणाला. "आईंच्या हातून होणार नाही ते."

"आणि तू भोंग्यावर—" मुलीला पुढे बोलवेना. तिने तेलाची वाटी भावाच्या हातात कोंबली. "धर. लाव त्यांच्या हाताला. नीट लाव. देव नाही येणार लावायला."

तो खरोखरच मांडी घालून बसला आणि दाजींच्या सोललेल्या तळहातांना तेल चोपडू लागला. जावई कळवळला. "हळू रे! एवढा जोर काल कुठे होता?" मग आधी मुलगीच हसली, आणि तिच्या हसण्याने दोरवालीच्या छातीवरचा अर्धा दगड खाली उतरला. उरलेला अर्धा पाटाच्या दाराशी होता.

तिथे दोन्ही गावे जमली होती. पाटकऱ्याने किल्ली कुलुपात घातलीच होती. वरच्या गावाची पाळी. दोरवाली गर्दीतून आत शिरली. तिच्यासाठी लोक नेहमीच वाट सोडत.

"थांब," ती पाटकऱ्याला म्हणाली. मग लोहाराकडे वळली. "कालचा दोर नासका होता."

या बाईच्या तोंडून हे शब्द कोणी ऐकतील, असे कोणाला स्वप्नातही वाटले नव्हते. तिला स्वतःला तर नव्हतेच. एकदा तोंडातून गेल्यावर मात्र तिला ते वाटले होते तेवढे जड लागले नाहीत.

"काकू, जाऊ द्या," लोहार चुळबुळला. "दोर दोघांना सारखाच होता. देवाने दिलेलं परत कसं करायचं?"

"हे घे. ओढ." तिने खराब जागेच्या एका बाजूला लोहाराला धरायला लावले, दुसऱ्या बाजूला खुंट्याला. "दोघांनीच. पूर्ण जोराने."

दोघांनी पाय रोवले आणि हिसका दिला. कट्, कट्, आणि मग फाडकन आवाज झाला. दोराचे टोक लोहाराच्या बोटांवरून सपकन गेले, आणि तो आणि खुंटा दोघेही धुळीत बसले. वरच्या गावाचा खुंटा उपटलेला पाहून खालच्या गावाला हसू आवरेना. मग वरच्या गावालाही आवरेना. एकटा लोहार हसला नाही. त्याच्या बोटांवर लाल वळ उठला होता. नुसत्या दोन माणसांच्या ओढीने. त्याने उजव्या हाताचे एकेक बोट हलवून पाहिले, अगदी सावकाश, जणू ती बोटे त्याला आत्ताच कोणी परत दिली होती. या बोटांवर त्याचा हातोडा होता, घर होते.

"काल सगळ्यांत पुढे कोण होतं?" दोरवालीने विचारले.

"मी." लोहाराचा आवाज खाली गेला.

मग खुंटा उठला. अंगावरची धूळ त्याने झटकली नाही. माइक नव्हता, पण त्याचा आवाज ऐकू जाणार नाही इतके लांब कोणी नव्हते. "कच्चा वाख मी घातला होता. दोर तुटायला लागला, ते दाजींना कळलं आणि त्यांनी ढील दिली. देवाने काही ओढलं नाही. मीच त्याला मध्ये ओढलं." मग तो बहिणीकडे पाहून म्हणाला, "त्याने कोणाला टाकलंही नाही."

वरच्या गावातला कोणी पुटपुटला, "पण रेघ तर आपणच..."

"गप रे," लोहार म्हणाला. अजून तो खालीच बसला होता. "तुझी बोटं मोज आधी." आणि पाटकऱ्याकडे हात करून म्हणाला, "पहिली पाळी त्यांची. दार खालच्या गावाकडे उघड."

पाटकऱ्याने फळी उचलली. पाणी आधी घोट्याएवढे आले; गढूळ, पालापाचोळा आणि फेस पुढे ढकलत. मग ते नीट वाहू लागले. मुलगी चपला हातात घेऊन पाण्याबरोबर चालत निघाली, मग पळत, जणू ते वाट चुकेल. जावई सासूजवळ रेंगाळला.

"आई, तुमच्या दोराचं नाव..."

"नाव माझं आहे, मी बघून घेईन," ती म्हणाली. "तुम्ही वाफे बघा. आणि हातांवर फडकं बांधा. माती लागली तर पिकतील."

खालच्या गावाचे भिजून झाले, तेव्हा दार वरच्या गावाकडे वळले. कुजवणीच्या खड्ड्यात पाणी चढले. खुंट्याने एकेक पेंढी दगडाखाली दाबली, वरचा थर पुन्हा पुन्हा हाताने चाचपला, आणि न सांगता आईला बोलावून दाखवला. तिने वाकून पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. कुठेही कोरडे लागले नाही. "बरं आहे," ती म्हणाली. त्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी आजवर कोणाला मिळालेली नव्हती.

मुलगी आली ती बरोबर काकड्या घेऊन. लांबसडक, सरळ, पाण्याने तट्ट फुगलेल्या. घरात पाणी प्याली, भावाला दोन टोमणे मारले, त्याने ते आनंदाने खाल्ले, आणि ती पुन्हा आपल्या वाफ्यांकडे गेली.

मग दोरवाली पायरीवर येऊन बसली. स्पर्धेपासून देवाशी तिचे धड बोलणे झालेले नव्हते. मागे पट्ट्यावर चाक फिरत होते, आणि मुलगा कमरेला वाख बांधून एकेक पाऊल मागे सरकत होता. तिने हात जोडले.

"बाजूला थांब म्हटलं होतं, थांबलास," ती म्हणाली. "बरं केलंस. लोकांनी तुला किती ओढाओढ केली, तरी हलला नाहीस."

मग तिने पदर सावरला आणि पायरीवर थोडी पलीकडे सरकली, शेजारी एक माणूस नीट बसेल एवढी.

"ये आता," ती म्हणाली. "बस."